शेवटचा टाका आधी

हे दोन हजार बावीस सालचं. संक्रांत होऊन गेली होती, तिळाच्या लाडवांचा चुरा डब्याच्या तळाशी उरला होता, आणि मी उमरग्यात मुलाच्या स्वयंपाकघरात लायटर हातात धरून उभी होते. हातात लायटर आहे हे कळत होतं. समोर गॅस, गॅसवर पातेलं, पातेल्यात पाणी, ओट्यावर साखरेचा आणि चहापत्तीचा डबा. सगळं जागच्या जागी होतं. फक्त यातलं कुठलं आधी आणि कुठलं नंतर, तेवढं माझ्यातून निघून गेलं होतं. कसलासा उग्र वास येत होता. तो मला त्रास देत होता, पण त्याचा माझ्याशी काही संबंध असेल असं वाटत नव्हतं. मग दीपाली, माझी सून, ओल्या केसांनी धावत आली. तिनं बटण फिरवलं, खिडकी उघडली, माझ्या हातातला लायटर काढून घेतला. हैदराबादकडं जाणाऱ्या एका ट्रकचा हॉर्न त्या उघड्या खिडकीतून एकदम आत शिरला. "आई, गॅस चालू होता," ती म्हणाली. रागावून नाही. तिचे हात बटण पुन्हा पुन्हा चाचपत होते. माझे मात्र अगदी शांत होते, आणि मला नंतर भीती वाटली ती त्या शांतपणाची.

दिवाळीनंतर मला मेंदूचा एक लहानसा झटका येऊन गेला होता. लहानसा हा डॉक्टरांचा शब्द. तोंड वाकडं झालं नाही, हातपाय चालत होते, माणसांची नावं आठवत होती, वर्तमानपत्र वाचता येत होतं. गेला होता तो कामाचा क्रम. आंघोळीला गेले की साबण आधी की पाणी आधी, पोलक्याची बाही आधी की बटणं आधी, असं उभ्या उभ्या कोडं पडायचं. चौतीस वर्षं मी शाळेत शिकवलं. घंटा होण्याआधी वर्गात कसं असतं, सगळी मुलं आलेली, पण एकही जागेवर नाही. माझं डोकं तसं झालं होतं, आणि घंटा काही होत नव्हती.

झटका येईपर्यंत मी मुरुमला एकटीच राहत होते. आमचे हे गेल्यावरही एकटीच राहिले. बसस्टँडच्या मागं शिक्षक कॉलनीत दोन खोल्यांचं घर, दारात कडीपत्ता, शेजारी सिताबाई. बालाजीचं, माझ्या मुलाचं, उमरग्याला हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान. झटका आल्यावर त्यानं मला उचलून इथं आणलं. गॅसचं हे झालं त्या दिवशी तो दुकानातून दुपारीच घरी आला आणि पलंगाच्या कडेला बसून म्हणाला, "आता विषय संपला, आई. मुरुमचं घर पाडव्याला भाड्यानं देऊन टाकू. एक तलाठी विचारतोय."

"अन माझं सामान?"

"कसलं सामान? तू इथं आहेस ना?"

"मी तिथं जाणाराय बालाजी."

तो हसला. त्याचे वडील असेच हसायचे, समोरच्याला लहान करून. "बरं. पाडव्याच्या आत एकटीनं चहा करून दाखव. मग बोलू."

तो हे चेष्टेनं बोलला. मी चेष्टेनं घेतलं नाही. मुरुमच्या घरात तसं काय आहे, असं कुणीही विचारेल. उन्हाळ्यात पत्रा तापतो, नळाला पाणी आलं तर आलं. पण उमरग्यात मी बालाजीची आई होते, आणि मुरुमात मी बाई होते. बाजारात कोथिंबीर विकणारी पन्नाशीची बाई मला बघून अजून पदर सारखा करते आणि शेजारणीला सांगते, "आमच्या उमाबाई. लई मारकुट्या हुत्या." मी कधी कुणाला मारलं नाही, तरी मला ते ऐकायला आवडतं. त्या गावात रस्त्यानं चाललं की मी आख्खी असते. इथं गॅलरीत खुर्ची टाकून बसवलं की खाली नुसते ट्रक दिसतात. कुठल्याही ट्रकनं मला कधी ओळखलं नाही.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. गुणी होती बिचारी. तिनं चहाची चित्रं काढून ओट्याच्या वरच्या भिंतीवर ओळीनं चिकटवली: गॅस पेटवा, पाणी ठेवा, साखर घाला. मी रोज पहिल्या चित्रापासून सुरू करायची आणि रोज तिथंच अडकायची. एका हातानं बटण दाबून फिरवायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्या हातानं लायटर ओढायचा. डावा हात काय करतोय ते उजव्याला कळायचं नाही. मग ती मुलगी गोड आवाजात म्हणायची, "पुन्हा पहिल्यापासून हं, आजी." पुन्हा पहिल्यापासून. दिवसाची सुरुवातच हरण्यानं व्हायची, आणि चहा दीपाली करायची. ती मागं उभीच असायची. "राहू द्या आई, मी करते." दीपाली ढोकीची. वडील साखर कारखान्यात होते, कारखान्याच्या भोंग्यावर वाढलेली पोर. कुठलंही काम वेळेच्या आधी व्हायला पाहिजे, नाही तर तिचा जीव घाबरा होतो. माझ्या पोलक्याची बटणं ती लावायची, औषधाची गोळी तळहातावर ठेवायची, भाकरी कुस्करून द्यायची. आमच्याकडं धडधाकट सून घरात असताना सासू ओट्यापाशी दिसली, तर चार बायका सुनेलाच नावं ठेवतात. तिची काही चूक नव्हती. पण "राहू द्या आई, मी करते" हे ऐकलं की मी हातातलं खाली ठेवायची. हे वाक्य मी आधी कुठं तरी, दुसऱ्या कुणासाठी म्हटलेलं ऐकलं होतं.

आणि मग एका दुपारी, भिंतीवरच्या त्या चित्रांकडं बघता बघता, मला कापसाचा वास आला. पिंजलेल्या कापसाचा, नाकात हुळहुळणारा. "मैंच करती ना बाई, उसकू नै आता." हे नूरजहाँचं वाक्य. मुरुमला लालमहंमद गादीवाल्याची ती बायको, आणि यास्मिन त्यांची मुलगी. माझ्या तिसरीच्या वर्गात होती. ही वीसबावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि चेहऱ्यावर एक सावकाश हसू. ते कुठल्याही प्रश्नानंतर यायचं, उत्तर मात्र यायचं नाही. वेडी नव्हती. आंधळी, बहिरी, काहीच नव्हती, म्हणून तर कुणाच्या लक्षात येत नव्हतं. आमच्या भागात एका बाकावर घरी कानडी बोलणारी, दख्खनी बोलणारी आणि मराठी बोलणारी पोरं शेजारी शेजारी बसतात. एखादं पोर उशिरा बोललं की आम्ही सगळे म्हणणार, घरची भाषा वेगळी आहे, येईल हळूहळू. पहिलीत तेच म्हटलं गेलं, दुसरीत तेच. माझ्याकडं आली तोवर तिला नावसुद्धा लिहिता येत नव्हतं, आणि दख्खनीतसुद्धा दोन कामं एकापाठोपाठ सांगितली की ती दारातच थांबून राहायची. तिच्या घरी गेले तर नूरजहाँ तिला भरवत होती. दहा वर्षांच्या घोडीला. लालमहंमद कापूस पिंजायची धनुकली थांबवून म्हणाला, "बाई, ती अल्लाची गाय हाय. वर्गात कोपऱ्यात बसू द्या. शिकून काय कलेक्टर व्हायची न्हाय."

तिच्यासाठी मी काय काय केलं ते आता नीट लागोपाठ सांगता येणार नाही. लागोपाठ सांगणंच तर माझं गेलंय. पण सुरुवात कुठून झाली ते आठवतं. माझी अव्वा, माझी आई, मला भाकरी करायला शिकवत होती ते आठवलं, तिथून. कुठलीही आई पोरीला आधी पीठ मळायला बसवत नाही. पीठ वाया जातं, पोरगी रडते. आधी भाकरी सगळी आई करते, आणि फुगलेली भाकरी निखाऱ्यावरून उचलून टोपल्यात टाकायचं तेवढं पोरीला देते. टोपल्यात पडली की झाली. पोरगी बापाला सांगत सुटते, आज मी भाकरी केली. मग काही दिवसांनी निखाऱ्यावर शेकायला देते, मग पाणी फिरवून उलटायला, मग थापायला, आणि मळणं सगळ्यांच्या शेवटी. काम शेवटाकडून सुरुवातीकडं शिकवायचं. म्हणजे पोर जिथं थांबतं तिथं काम पुरं झालेलं असतं, कधी अर्धवट राहत नाही. अव्वा तव्यावर नजर ठेवून म्हणायची, "साकु." म्हणजे पुरे, एवढंच. पुढं लातूरला एका प्रशिक्षणात याला एक लांबलचक इंग्रजी नाव आहे असं कळलं, तेव्हा मला ओळखीचं माणूस परगावी भेटल्यासारखं वाटलं होतं.

तर यास्मिनच्या पाटीवर मी तिचं नाव लिहायची, सगळी अक्षरं, काने-वेलांट्यांसकट, पण वरची रेघ न ओढता. मग खडू तिच्या हातात द्यायची. ती जीभ बाहेर काढून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढायची. तिरकी, पोट आलेली रेघ. पण ओढली की नाव तयार व्हायचं, तिनं तयार केलेलं. ती पाटी घेऊन वर्गभर फिरली होती. बंडप्पा म्हणून एक आगाऊ पोरगं होतं, ते म्हणालं, "हे तर बाईंनी लिहिलंय, हिनं नुसतं छप्पर घातलं." मी म्हटलं, "तुझ्या घरावर छप्पर नसतं तर कुठं झोपला असतास रे?" वर्ग हसला, यास्मिन सगळ्यांच्या नंतर हसली. पुढं मी शेवटचं अक्षर गाळायला लागले, मग शेवटची दोन. असं आम्ही मागं मागं सरकत गेलो, आणि शाळेच्या कौलांवर चिंचेचा पाला पडायला लागला त्या सुमारास कोरी पाटी तिच्या हातात आली. दुपारच्या सुट्टीनंतरचा तो वर्ग मला अजून दिसतो. शेंगदाण्याची टरफलं, दगडी फरशीचा गारवा, खिडकीतून येणारा तुरीच्या भुशाचा धुराळा, आणि चाळीस पोरांच्या केसांतल्या तेलाचा तो एकच एक वास. तेव्हा मला पाठदुखी होती, घरी सासू आजारी होती, पगार वेळेवर होत नव्हते. यातलं काहीही आता आठवणीत टोचत नाही. फक्त ती रेघ ओढताना बाहेर आलेली जीभ आठवते.

गादीचंही तसंच. मी शाळा सुटल्यावर त्यांच्या अंगणात जाऊन बसायची. नूरजहाँ दाभणानं गादीला टाके घालायची, आणि मी तिला सांगितलं, टाका सगळा तू घाल, दोरा कापायचा तेवढा यास्मिनला ठेव. नूरजहाँचे हात वळवळायचे. पोरीनं कात्री वाकडी धरली की ती झेपावायची, आणि मी तिचं मनगट धरून ठेवायची. "बाई, मेरा काम आधा होता इसके वास्ते," ती चिडायची. कापणं आलं, मग गाठ आली, मग दोरा ताणणं, मग दाभण खालून वर काढणं. चौथी-पाचवीपर्यंत हे चाललं. दाभणात दोरा ओवणं मात्र आलं नाही. एक हात स्थिर आणि दुसरा चालता, हे तिला शेवटपर्यंत जमलं नाही. लालमहंमद म्हणाला होता, "मंग काय फायदा बाई? दोरा ओवता येत न्हाय, अन म्हणं गादी शिवती." मी लगेच उत्तर दिलं होतं. बावन्न-पंचावन्नची होते, हातात घड्याळ, पायांत चपला, गावात मान. "दोरा तुम्ही ओवा, लालमहंमद. गादी तिची." त्यानं धनुकली खाली ठेवली आणि म्हणाला, "हौ. ये भी सही है." उत्तर द्यायला किती सोपं होतं ते. दुसऱ्याच्या पोरीबद्दल होतं ना.

त्या दुपारी मी अर्पिताला, माझ्या नातीला, हाक मारली. अकरावीत होती ती, मोबाइलवरून मान वर न करता आली. मी म्हटलं, "चहा कर. सगळा कर. फक्त गाळायचा मला ठेव."

"आज्जी, हे चीटिंग आहे."

"असू दे. परीक्षा माझी आहे."

तिनं केला. मी गाळणं कपावर धरलं आणि ओतलं. बशीत सांडला, पण कपातही पडला. वाफ चष्म्यावर आली. आल्याचा वास आला, आणि मला वाटलं, झालं. माझ्या हातून आज एक काम संपलं. अर्पितानं घोट घेतला आणि म्हणाली, "चांगलाय. गाळलाय छान." त्या पोरीला वाटलं ती माझी फिरकी घेतेय. मला रडायला आलं ते तिला दिसू नये म्हणून मी चष्मा पुसत बसले.

मग आम्ही दीपाली शिलाईच्या क्लासला गेली की हे करायचो. गाळण्याच्या आधी गॅस बंद करणं. ते काही दिवस चुकलं. मी बंद करायच्या ऐवजी मोठा करायची, आणि अर्पिता "आज्जी, उलटं, उलटं" ओरडायची. मग उतू जाण्याआधीचा तो फुगारा ओळखणं. मग दूध. मग पत्ती, मग साखर. भिंतीवरची चित्रं मी शेवटाकडून वाचायला लागले. अडखळले की मागं जायचं नाही, पुढंच बघायचं, कारण पुढचं सगळं येत असायचं. अंधाऱ्या बोळातून चालताना टोकाला उजेड दिसावा तसं ते होतं. पण पहिल्या चित्रापाशी, लायटरपाशी, पुन्हा तेच. एक हात स्थिर आणि दुसरा चालता. अर्पिता माझे दोन्ही हात धरून करायची तेव्हा व्हायचं, सोडले की नाही. आणि एकदा बटण फिरून राहिलं, पुन्हा तो वास आला, आणि पोरगी पांढरी पडली. त्यानंतर मी लायटरला हात लावला नाही. मला कळलं होतं. हे आता यायचं नाही. यास्मिनला किती वेळा दाभण आणि दोरा हातात देऊन मी बघितलं होतं. कुठं थांबायचं ते शिकवणाऱ्याला कळावं लागतं. शिकणाऱ्याला ते कळलं की काय होतं, हे मला माहीत नव्हतं. रात्रभर उशीत तोंड खुपसून पडावं असं काही होत नाही. नुसतं एक दार बंद झाल्याचा बारीक आवाज होतो, आणि तो आपल्यालाच ऐकू येतो.

पाडव्याच्या आधीच्या रविवारी बालाजी घरी होता. तलाठ्याचा फोन येऊन गेला होता. मी म्हटलं, "बस. चहा करते."

तो खुर्ची ओढून बसला. दीपाली उठलीच. मी म्हटलं, "तू पण बस." ती बसली, पण अर्धीच.

मी पातेलं गॅसवर ठेवलं आणि अर्पिताला म्हटलं, "पेटवून दे." तिनं पेटवला. पुढचं मी केलं. पाणी, साखर, पत्ती, आलं, दूध. एकदा डबा उघडून क्षणभर काही सुचेना, तेव्हा मी पुढच्या उतू जाणाऱ्या दुधाचा विचार केला आणि हात आपोआप चालला. गॅस बंद केला. गाळला. कप त्याच्यापुढं ठेवला.

बालाजीनं चहाला हात लावला नाही. "पण आई, पेटवला अर्पितानं."

"व्हय."

"मग? मेन तेच आहे. तेच नाही जमत तर तिथं एकटी काय करशील?"

मला माझं जुनं उत्तर माहीत होतं. ते तोंडात तयार होतं. पण समोर लालमहंमद नव्हता, माझं पोर होतं, आणि ते माझ्याबद्दल घाबरलेलं होतं. आवाज फाटला माझा. "तेवढं दुसऱ्यानं करावं. सिताबाई सकाळी येऊन पेटवील. सिलिंडरचा खटका तिच्याच हातात राहील, मी शिवणार नाही. बाकी चहा माझा. मला तेवढं पुरतं, बालाजी."

"लोक म्हणतील, म्हातारीला टाकून दिली."

तेव्हा दीपाली बोलली. नवऱ्यापुढं असं बोलणारी ती बाई नव्हे. "दुकान तुमचं म्हणता ना? सकाळी शटर कोण उघडतं? कामाला ठेवलेला ईरण्णा उघडतो. म्हणून काय दुकान ईरण्णाचं झालं?" बालाजी काही म्हणायच्या आत ती पुढं म्हणाली, "जाऊ द्या त्यांना. इथं राहिल्या तर मी त्यांना काही करू देणार नाही. आत्तासुद्धा मला बसवत नव्हतं. मी चांगली नाही हो ह्यात. माझा हात पुढं जातोच."

बालाजीनं कप उचलला. निवलेला चहा एका दमात प्यायला, लहानपणी औषध प्यायचा तसा. मग फोन घेऊन गॅलरीत गेला आणि तलाठ्याला म्हणाला, "नाही साहेब, घर रिकामं नाही."

पाडव्याला मी मुरुमला आले. सिताबाई पहिल्याच सकाळी दारात उभं राहून म्हणाली, "बाई, म्या काय तुमचा बंब पेटवणारा गडी हाय का?" मी म्हटलं, "चहा मिळंल." ती म्हणाली, "मिळंल, पर तुमी साखर लई कमी घालता." तेव्हापासून ती येते. दुपारची भाकरी तिच्याच घरून येते. तिचा गुडघा आता धरतो, म्हणून कधी नातसुनेला पाठवते, आणि नातसून साखरेबद्दल काही बोलत नाही म्हणून मला करमत नाही.

लालमहंमद कोरोनाच्या तिसऱ्या लाटेत गेला होता, ते मला इथं आल्यावरच कळलं. नूरजहाँ आहे, डोळ्यांत मोतीबिंदू, बोलणं तसंच तिखट. यास्मिनचं लग्न झालं नाही. भाऊ मुजफ्फर दुकान चालवतो, मशीनवर कापूस पिंजतो, आणि टाके यास्मिन घालते. दोरा सकाळी भावजय ओवून ठेवते, दहा-बारा दाभणं एका उशीला टोचलेली. मी गेले तर तिनं ओळखलं की नाही, सांगता येणार नाही. हसली, तिच्या त्याच वेगानं. बंडप्पा सोलापूरला एसटीत वाहक आहे. व्यायाम शिकवणारी ती मुलगी लग्न होऊन बिदरला गेली. अर्पिता पुण्यात औषधनिर्माण शिकते, फोनवर विचारते, "आज्जी, चीटिंग चालू आहे ना?" बालाजीला साखरेचा आजार निघाला, तो आता बिनसाखरेचा चहा पितो आणि महिन्यातून एकदा येऊन कडीपत्त्याला पाणी घालून जातो.

दीपाली रविवारी येते, मुरुमच्या बसनं, एकटी. चप्पल काढते आणि सरळ पलंगावर जाऊन बसते. सिताबाईनं गॅस पेटवून दिलेला असतो. मी चहा करते, सावकाश, मध्ये एखादेवेळी थांबते, चमचा शोधते. ती उठत नाही. भिंतीकडं बघत बसते, आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून, दाबून.